सात भरत्यांचं पाणी

शनिवारी दुपारी आमच्या धक्क्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. बायका खुर्च्या घेऊन आल्या होत्या. चर्चचे पाद्री 'सहज इकडून चाललो होतो' असा चेहरा करून उभे होते. काठाला एल्डन मूडीची बोट बांधलेली, आणि तिच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, कॅप्टन अ‍ॅम्ब्रोज टटल. डोक्यावर पांढरी टोपी, कोटाला पितळी बटणं, एका हातात हिरवी बाटली आणि दुसऱ्या हातात देवमाशाच्या कानातलं हाड.

"दर्या देतो!" कॅप्टन गरजले.

"दर्या नेतो!" गर्दी म्हणाली. हे आम्हाला आता पाठ झालं होतं.

"आणि मध्ये काय असतं, बंधूंनो? मध्ये असतं एक दार! दार गंजतं, कुरकुरतं, अडकतं. मी कोण? मी फक्त तेल घालणारा."

त्यांनी बाटलीतलं, सात वेगवेगळ्या भरत्यांना भरलेलं पाणी नाळेवर शिंपडलं, हाडाने तीनदा ठकठक केलं, आणि वाकून बोटीच्या कानात काहीतरी पुटपुटले. बोटीला कान कुठे असतो हे मला वीस वर्षांत समजलं नव्हतं, त्यांना बरोबर सापडला. एल्डन हा सव्वासहा फुटी माणूस, पोरगी झाली तेव्हाही खेळाचा निकाल ऐकत बसलेला. त्याचे डोळे भरून आले.

पुढच्या शनिवारी मी स्वतः एल्डनचा माल तोलला. आदल्या आठवड्यात अठ्ठावन्न, या आठवड्यात सत्त्याण्णव. मी स्वतःच्या हाताने खडूने फळीवर लिहिलं आणि धक्क्यावर अशी आरोळी उठली की खांबावरचे समुद्रपक्षी उडाले.

ही फळी म्हणजे काय ते सांगायला हवं. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या किनाऱ्यावर कुठल्याही बंदरात जा, शेवंडं म्हणजे लॉबस्टर पकडणारा माणूस आपल्याला किती मिळाली हे बायकोलाही खरं सांगत नाही. आमच्या पिंकहॅम खाडीत मात्र माझ्या मामाच्या काळापासून वेगळी चाल आहे. मामाच्या नंतर मच्छीमार सोसायटीचा वजनकाटा माझ्याकडे आला. मी ऑरिन स्प्रेग. दर शनिवारी दहाच्या दहा बोटींचा हिशेब मी फळीवर लावतो: शंभर सापळ्यांमागे किती पौंड शेवंडं निघाली. सगळ्यात जास्त वर, सगळ्यात कमी तळाला. वर येणाऱ्याला मार्जच्या खानावळीत ब्लूबेरी भरून भाजलेला गोड पाय फुकट. तळाला येणाऱ्याच्या आमिषाच्या पिंपात आठवडाभर कोणीतरी रबरी मासे टाकून जातं.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात कॅप्टन टटल एक पांढरी गाडी घेऊन आले. कुठल्या जहाजाचे कॅप्टन, हे कोणी विचारलं नाही. टोपी होती, तेवढं पुरलं. तळाला आलेल्या बोटीला पाणी लावायचे. पैसा घेत नसत. "छे छे! दर्याच्या कामाचे पैसे?" फक्त शेवंडांची एक पेटी घ्यायचे, ती 'दर्याला परत' करण्यासाठी. आणि पुढच्या शनिवारी ती बोट तळातून वर यायचीच. एक झाली, दोन झाल्या, सलग नऊ झाल्या. नऊ! मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही, पण नवव्यांदा खडू हातात घेतला तेव्हा मीही त्या हिरव्या बाटलीकडे चोरून पाहिलं.

दहाव्या वेळी घोळ झाला. हॉलिस बेकेटच्या बोटीला पाणी लागलं, पेटी गेली, आणि हॉलिस एकाहत्तरवरून चौसष्टवर घसरला.

कॅप्टननी डोळे मिटले, नाकाने हवा ओढली.

"पाणी लागलं," ते म्हणाले. "दार उघडलं. नशीब आत आलं... आणि गळून गेलं. या बंदरात गळती आहे, बंधूंनो. मला रंग दिसतोय. निळा."

झालं. आमच्या किनाऱ्यावर बोटीला निळा रंग देत नाहीत, बोटीवर डुकराचं नाव काढत नाहीत, झाकण उलटं ठेवत नाहीत. का, ते विचारायचं नसतं. त्यात निळा म्हटल्यावर मार्ज हळूच बोलली, "डेलियाचा जेवणाचा डबा निळा आहे ना?"

डेलिया नॉर्टन, चोवीस वर्षांची, व्हायनल कूम्ब्सच्या बोटीवर दुसरा हंगाम खलाशी. सापळे ओढायची, आमिष भरायची, शेवंडांच्या नांग्यांना रबर लावायची. डबा तिच्या वडिलांचा. ते दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात झोपेतच गेले. त्यांची बोट अजून घरामागे ठोकळ्यांवर ताडपत्रीखाली उभी होती. ती चालवायला स्वतःचा परवाना हवा, आणि परवान्यासाठी दुसऱ्याच्या बोटीवर ठरलेले दिवस भरून मालकाची सही घ्यावी लागते. डेलियाचे एकतीस दिवस राहिले होते.

आता पुरावे कसे गोळा झाले पाहा. व्हायनलची बोट या हंगामात तीनदा पहिली आली आणि तिन्ही वेळा पुढच्या आठवड्यात घसरली. बोटीवर कोण? डेलिया. जूनमध्ये ती डुकराच्या मांसाचं सँडविच खाताना कोणीतरी पाहिलं होतं आणि ती त्याचं नावही घेत होती. शिवाय वडील गेल्यावर तिच्या गाडीचा गिअरबॉक्स गेला. ती दरवर्षी चर्चच्या सोडतीत बक्षीस जिंकते, हे मात्र त्या दिवशी कोणाला आठवलं नाही.

सोमवारी सकाळी व्हायनल काट्याच्या खोलीत तिला म्हणाला, "पोरी, आठवडाभर घरी बस."

"डबा बदलते, काका. लाल घेते. हवं तर कागदात बांधून आणते जेवण."

"आता डब्याचं राहिलं नाही गं."

"एकतीस दिवस राहिलेत माझे. हंगाम किती राहिलाय? तुम्ही उतरवलंत तर दुसरं कोण घेईल मला? गळती म्हणून?"

व्हायनल वाईट माणूस नाही. तिच्या बापाची शवपेटी त्याने खांद्यावर वाहिली होती. तो बुटांकडे बघत राहिला. "शनिवारी हॉलमध्ये गावजेवण आहे, तिथे कॅप्टन सांगतील, गळती तू आहेस की नाही. सगळ्यांसमोर. ते नाही म्हणाले, तर माझ्या मनात काही नाही."

"आणि हो म्हणाले तर?"

व्हायनल आमिष भरायला गेला. त्या दिवशी त्याने दोन माणसांचं काम एकट्याने केलं आणि पाठ धरून परत आला. ती पाठही गळतीच्या खात्यात पडली.

गुरुवारी थर्लोबाई आल्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, आमच्या शाळेत चाळीस वर्षं गणित शिकवलेल्या. दहा बोटमालकांपैकी नऊ जणांना त्यांनी फळ्यासमोर उभं केलेलं आहे. दहावा हॉलिस, तो बाहेरगावचा, आणि त्याचं अपूर्णांकांचं ज्ञान पाहिलं की ते लगेच कळतं.

"ऑरिन, तो टोपीवाला पाणी कोणाला लावतो?"

"तळाला असेल त्याला, बाई."

"कायम?"

"कायम. व्हायनल चौथा होता तेव्हा त्यानेही मागितलं होतं. दर्याने तुला अजून बोलावलं नाही, असं म्हणाले."

"आणि पहिल्याला?"

"कधीच नाही."

बाई हसल्या. फळ्यावर पोराने चूक केली आहे आणि त्याला अजून ती दिसलेली नाही, अशा वेळी त्या जशा हसायच्या तशा. "फळी पुसतोस की आकडे ठेवतोस?"

"वहीत उतरवतो. सगळे हंगाम आहेत."

"मग दोन महिने काय करत होतास? वहीवर कोपर टेकून माशा मारत होतास?"

आता काय सांगू? आकडे माझे, अक्षर माझं. प्रश्न विचारायचा तेवढा राहून गेला होता. आम्ही दुपारभर बसलो. बाई विचारायच्या, मी वाचायचो, त्या रेघा मारायच्या. चार वाजता त्यांनी पेन्सिल कानावर ठेवली आणि म्हणाल्या, "शनिवारी हॉलमधल्या खेळांच्या कपाटातून तीन फासे काढून ठेव."

शनिवारी पाच वाजता अख्खी खाडी हॉलमध्ये. काकवी घालून भाजलेला घेवडा, तपकिरी पाव, लाल सॉसेज. डेलिया दाराजवळच्या टेबलावर एकटी बसली होती. तिच्या बाजूच्या तीन खुर्च्या रिकाम्या, आणि हॉलमध्ये माणसं उभी. एवढ्यावरून काय ते समजा.

कॅप्टन उठले, टोपी सारखी केली. "दर्या देतो..."

"जरा थांबा, कॅप्टन," थर्लोबाई म्हणाल्या. "आधी एक खेळ. बोटमालकांनो, पुढे या. एल्डन, हनुवटीवरचा घेवडा पूस आधी."

दहा जण मुकाट्याने पुढे गेले. पन्नाशीच्या माणसांचे चेहरे एकदम सहावीतले झाले. प्रत्येकाने तीन फासे टाकायचे. मी बेरजा फळ्यावर लिहिल्या. व्हायनलचे सोळा, सगळ्यात वर. हॉलिसचे पाच, तळाला.

"बिचारा हॉलिस," बाई म्हणाल्या. "दार गंजलंय त्याचं. मार्ज, ते फडकं दे."

मार्ज ज्या फडक्याने घेवड्याची भांडी पुसत होती ते तिने दिलं. बाईंनी ते हॉलिसच्या टकलावर तीनदा आपटलं. "दर्या देतो, दर्या नेतो, भांडी मार्ज घासते. टाक आता."

हॉलिसने टाकले. अकरा.

"वर आला!" कोणीतरी ओरडलं.

"व्हायनल, तूही टाक. तू पहिला होतास."

व्हायनलचे आले नऊ.

"अरेरे! सोळावरून नऊ. नीट बघ रे, कोण गळतंय तुझ्या मागे?"

मागून दोन-तीन जण हसले. व्हायनल हसला नाही. तो फळ्याकडे बघत होता.

पुन्हा सगळ्यांनी टाकले. एल्डन तळाला, सहा. फडकं. तेरा! तिसरी फेरी: चारवरून दहा. चौथी: सहावरून बारा. आता लोक टाळ्या वाजवायला लागले, फडक्याला नमस्कार करायला लागले. पाद्रीबुवा घसा खाकरत भिंतीकडे वळले. पाचव्या फेरीत तळाला पुन्हा एल्डन, सहा. फडकं बसलं. त्याने फासे टाकले. चार.

टाळ्यांसाठी उचललेले हात तसेच राहिले.

"गळती!" बाईंनी टेबलावर हात आपटला. "मला रंग दिसतोय! निळा! कोणी निळं घातलंय?"

सगळ्यांनी आधी डेलियाकडे पाहिलं. मग शेजाऱ्याकडे. मग खाली. हॉलमध्ये एकशे दहा माणसं होती आणि त्यातल्या नव्वदांनी जीन्स घातली होती.

हसू मागच्या बाकापासून सुरू झालं आणि स्वयंपाकघरापर्यंत गेलं. मार्ज म्हणाली, "अगं बाई, माझा एप्रन!" एल्डन म्हणाला, "कॅप्टनचा कोट बघा!" कॅप्टनचा कोट, ज्याच्यावर ती पितळी बटणं होती, तो गडद निळा होता. दोन महिने आमच्या डोळ्यांसमोर होता.

"फासे म्हणजे मासेमारी नव्हे!" कॅप्टन म्हणाले. आवाजातला दर्या बराच आटला होता. "दर्यावर कसब लागतं!"

"लागतं की," बाई म्हणाल्या. "म्हणूनच व्हायनल बहुतेक वरच्या चारांत असतो आणि हॉलिस बहुतेक खालच्या चारांत. रागावू नकोस हॉलिस, तुलाही माहीत आहे. पण वारा कुठून आला, आमिष किती ताजं होतं, शेवंडं या कडेला फिरली की त्या, हे कोणाच्या हातात आहे? तेवढा भाग फाशांचा. ज्याचा आठवडा सगळ्यात वाईट गेला, त्याचं कसब जेवढं होतं तेवढंच आहे, फक्त फासे उलटे पडले होते. पुढच्या आठवड्यात ते पुन्हा तितकेच उलटे पडणं अवघड. म्हणून तो वर येतो. पाणी लावा, फडकं लावा, नाहीतर काहीच लावू नका. पहिल्याचंही तसंच. त्याचे फासे सुलटे पडले होते, पुढच्या वेळी तितके पडत नाहीत, म्हणून तो खाली येतो. मग आपण म्हणतो, कोणीतरी गळतंय."

"हे तुम्ही म्हणता! पुरावा काय?"

"ऑरिन, वाच."

मी वही उघडली. "मागचे तीन उन्हाळे. कॅप्टन आलेले नव्हते. तळाला आलेली बोट छत्तीसपैकी तेहेतीस वेळा पुढच्या आठवड्यात वर गेली."

"आणि कॅप्टन आल्यावर?"

"दहापैकी नऊ."

बाईंनी मान हलवली. "म्हणजे छत्तिसाला तीन चुकत होते, आता दहाला एक चुकतोय. फरक पेटीएवढाच. डेलियाचं वाच."

"डेलिया बोटीवर यायच्या आधीचे दोन उन्हाळे. पहिली आलेली बोट चोवीसपैकी एकवीस वेळा पुढच्या आठवड्यात घसरली."

"तेव्हा डेलिया कुठे होती?"

"तालुक्याच्या गावी," डेलिया दाराजवळून म्हणाली. त्या संध्याकाळचे तिचे हे पहिले शब्द. "दुकानात खिळे विकत होते."

"तिथून गळत होतीस तर कमाल आहे हो," एल्डन म्हणाला.

"आता कॅप्टन," बाई म्हणाल्या, "वाद मिटवू. या आठवड्यात पहिल्या बोटीला पाणी लावा. सलग चार आठवडे, जी पहिली येईल तिला. तिचा आकडा आणखी वर गेला, तर मी या हॉलमध्ये उभी राहून तुमची माफी मागेन आणि तुमचे मोजे धुवेन."

कॅप्टन म्हणाले, भरलेल्या पेल्यात दर्या ओतत नसतो. म्हणाले, संशयाच्या जागी पाणी काम करत नाही. म्हणाले, हाडालाही विश्रांती लागते. बाईंनी तिन्ही ऐकून घेतली. "म्हणजे वर गेली की पाण्यामुळे, खाली गेली की आमच्यामुळे. असा डाव मला द्या, मी ऑलिंपिकला जाते."

तेवढ्यात हॉलिस बाहेरून आत आला. तो कधी बाहेर गेला ते कोणाला कळलं नव्हतं. "कॅप्टनच्या गाडीत थंड पाण्याची टाकी आहे," तो म्हणाला. "वर हवेचा पंप चालू आहे. आत माझी शेवंडं आहेत. दर्याला परत दिलेली. रबरं माझी आहेत, पिवळी."

कॅप्टननी घेवडा अर्धवट सोडला. पांढरी गाडी सुरू व्हायच्या आत हॉलिस धावत जाऊन आपली पेटी उतरवून घेऊन आला. त्या माणसाला हे आकड्यांचं गुपित माहीत होतं, की नुसत्या अनुभवाने तो तळाच्याच माणसाकडे जायला शिकला होता, हे मी सांगू शकत नाही. बंदरं बदलत फिरणाऱ्याला ते समजून घ्यायची गरजही नसावी.

आता तुम्हाला वाटेल, सगळे एकदम शहाणे झाले. तसं काही झालं नाही. भांडी आवरताना एल्डन बाईंना म्हणाला, "सगळं खरं, बाई. पण पाणी लागलं त्या रात्री मला झोप छान लागली होती हो."

"लागू दे की," बाई म्हणाल्या. "तुझ्या झोपेशी माझं भांडण नाही. ती पोरगी आठवडाभर झोपली नाही, त्याच्याशी आहे."

एल्डनने ताट खाली ठेवलं. मग तो जाऊन डेलियाच्या शेजारच्या खुर्चीत बसला. आपल्या ब्लूबेरी पायचा तुकडा तिच्याकडे सरकवला. व्हायनल टेबलाच्या दुसऱ्या बाजूला उभा राहिला, टोपी हातात पिळत.

"सोमवारी पाचला निघतोय," तो म्हणाला.

"आठवडा गेला माझा, काका."

"ठाऊक आहे. हवा साथ देईल तोवर जाऊ. नोव्हेंबरपर्यंत जाऊ. एकतीसच्या एकतीस करू. आणि..." त्याने टोपी टेबलावर ठेवली. "तुझा बाप असता तर माझं थोबाड फोडलं असतं."

"मीही फोडणार होते," डेलिया म्हणाली. "पण तुमची पाठ दुखतेय."

नोव्हेंबरच्या बाराव्या तारखेला, हातमोज्यावर बर्फ असताना, व्हायनलने एकतिसावी सही केली. वसंतात ताडपत्री निघाली. डेलियाची बोट पाण्यात उतरली.

जूनच्या पहिल्या शनिवारी मी फळी लिहिली. डेलिया नॉर्टन, एकोणपन्नास. तळाला. धक्क्यावरचे सगळे एकदम आपापल्या दोऱ्या गुंडाळायला लागले. मला वाटलं, बाईंचं गणित आता कामाला येईल, पुढच्या आठवड्यात पोरगी वर जाईल.

पुढच्या शनिवारी सत्तेचाळीस.

मी खडू धरून उभा राहिलो. सांगतो, त्या क्षणी माझ्यासुद्धा मनात एक पांढरी टोपी चमकून गेली. डेलियाने फळी वाचली, डोक्यावरची टोपी मागे सारली.

"बाई म्हणाल्या होत्या, बहुतेक वेळा वर जातं," ती म्हणाली. "नेहमी जातं असं म्हणाल्या नव्हत्या." आणि ती सापळे खडकाच्या पलीकडच्या खोल बाजूला हलवायला निघून गेली. तिसऱ्या आठवड्यात ती सातवी आली. जागा बदलल्याने आली की फासे सुलटे पडले, हे एका आठवड्यावरून ती सांगत नाही आणि मीही सांगणार नाही.

तेव्हा मंडळी, तुम्हाला कोणी सांगितलं की अमुक माणसाकडे गेलो आणि दुखणं पळालं, तमुक खडा घातला आणि धंदा वर आला, तर हात जोडण्याआधी विचारा: तू गेलास कधी? सगळं अगदी तळाला गेलं होतं तेव्हाच ना? न जाता राहिला असतास तर काय झालं असतं? आणि ज्यांचं काहीच बरं झालं नाही, त्यांची नावं कोणत्या वहीत आहेत? आणि कधी कोणी एखाद्या माणसाला अपशकुनी म्हणून घरी बसवायला निघालं, तर मधे उभे राहा आणि आधी मोजायला लावा. मोजायला एक दुपार लागते. आम्ही मोजलं नव्हतं, तेव्हा एका पोरीच्या शेजारी तीन खुर्च्या रिकाम्या होत्या आणि आम्ही सगळे उभे होतो.